श्रावणात अडलेली खुंटी वैशाखात का सुटते?

कानोब्याची, म्हणजे आमच्या विदर्भातल्या गोकुळाष्टमीची रात्र. पेटी-तबला लागला, टाळ वाटून झाले, आणि आमच्या भजन मंडळाच्या जुन्या तंबोऱ्याची जोडाची, म्हणजे मधल्या सा लावलेल्या तारेची खुंटी जागची हलेना. "काहून फिरत नाही जी?" म्हणत एकानं घरून पक्कड आणली. पिळली मात्र मीच. कट्‌कन आवाज झाला, खुंटीचं बोंड माझ्या हातात आणि दांडा भोकातच. त्या रात्रीचं भजन नुसत्या पेटीवर झालं.

गंमत अशी की हीच खुंटी मे महिन्यातल्या सप्ताहात टिकत नव्हती. तार चढवावी, हात काढावा, की स्वर खाली. तीन महिन्यांत एकाच खुंटीची दोन उलटी दुखणी. मूळ एकच आहे, हे मला बोंड तुटल्यावर कळलं.

तंबोऱ्याच्या खुंटीला ना आटे असतात ना दाते. ती निव्वळ पाचर आहे: निमुळता दांडा, निमुळतं भोक, आणि दोघांमधलं घर्षण. व्हायोलिनच्या खुंटीचा उतार तीसास एक असा ठरलेला असतो, म्हणजे 30 मिलिमीटर लांबीत जाडी 1 मिलिमीटरनं कमी होते. तंबोऱ्यात तो कारागिराच्या हातावर अवलंबून, पण तत्त्व तेच. उतार इतका कमी असला की दाबून बसवलेली खुंटी आपणहून मागे सरकत नाही. कुदळीच्या दांड्यात ठोकलेली पाचर याच कारणानं टिकते.

या घर्षणाला किती ओझं पेलायचं असतं? 0.3 मिलिमीटर जाडीची पोलादी तार, 90 सेंटिमीटर लांबी, काळी एकचा सा म्हणजे सेकंदाला सुमारे 138 कंपनं, असं धरलं तर ताण साडेतीन किलोच्या आसपास येतो. तो 12 मिलिमीटर जाडीच्या खुंटीवर लपेटलेला. आता याच खुंटीनं फक्त तीन अंश माघार घेतली, म्हणजे घड्याळाच्या काट्याचं अर्धं मिनिट, तर सा घसरून खालच्या शुद्ध निषादावर जातो. एवढ्याशा हालचालीत अख्खा अर्धस्वर! खुंटी झटका देऊन पुढे जाते तेव्हा आपली चिडचिड होते ती याचमुळे. थांबलेल्या लाकडाला हलवायला जास्त जोर लागतो, हललेल्याला कमी. जोर तोच राहतो आणि खुंटी हव्या त्या जागेच्या पुढे उडी मारते.

आता हवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली येते. श्रावणात तीच 80 च्या पुढे. लाकूड हवेशी जुळवून घेतं: कोरड्या हवेत त्याच्या कोरड्या वजनाच्या चार-पाच टक्के पाणी उरतं, दमट हवेत ते पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत चढतं. पाणी चढलं की लाकूड फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही. तंतूंच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, जवळजवळ नाहीच. गाभ्याकडून सालीकडे थोडं, आणि वर्षवलयाला धरून त्याच्या साधारण दुप्पट. शिसवी खुंटी अशी दमट झाली तर 12 मिलिमीटरच्या जाडीत एका बाजूनं सुमारे 0.1 आणि दुसऱ्या बाजूनं 0.2 मिलिमीटरची भर पडते. गोल खुंटी नकळत लंबगोल होते.

भोकाची अडचण वेगळी. ते दांडीत आडवं पाडलेलं, आणि दांडीचे तंतू उभे. त्यामुळे दांडीच्या लांबीच्या दिशेनं भोक वाढतच नाही. खुंटी फुगते, भोक जागा देत नाही, आणि ती आवळली जाते.

इथवर सोपं आहे. खरी मेख पुढे आहे. फुगायला जागा न मिळालेले तंतू आतल्या आत चेपले जातात, आणि चेपलेले तंतू पुन्हा उभे राहत नाहीत. उन्हाळ्यात पाणी उडालं की खुंटी गेल्या वर्षीच्या मापावर न थांबता त्याहून बारीक होते. शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. कुऱ्हाडीचा दांडा हलायला लागला की रात्रभर पाण्यात ठेवतात, सकाळी घट्ट होतो, आणि चार दिवसांनी आधीपेक्षा जास्त हलतो. वैशाखात सुटणारी खुंटी श्रावणातच सुटलेली असते.

म्हणून अडलेल्या खुंटीवर जोर करू नये. तंबोरा आठ-दहा दिवस कोरड्या खोलीत ठेवावा. चुलीजवळ किंवा उन्हात मात्र नको, भोपळा तडकतो. खुंटीचं बारीक टोक पलीकडून दिसत असेल तर त्यावर लाकडी काडी टेकवून, दांडीला खालून आधार देऊन, हलकेच ठोकावं. तेल तर मुळीच घालू नये. लाकूड ते पिऊन घेतं, आणि मग उन्हाळ्यात खुंटी धरायला काही उरत नाही. जुन्या मेंडोलिनच्या चाव्यांची गोष्ट वेगळी. तिथे मळसूत्र दातेरी चाक फिरवतं, चाक मळसूत्राला उलटं फिरवू शकत नाही. त्या धातूला तेलाचा थेंब म्हणजे औषध.

सुटणारी खुंटी काढून उजेडात धरा. चकाकणारे पट्टे दिसतील. लाकूड तेवढ्याच जागी टेकतंय. खुंटीवर खडू घासून ती भोकात एकदा फिरवली की उंचवटे उघडे पडतात. तेवढेच बारीक पॉलिश पेपरनं उतरवायचे. मग टेकण्याच्या जागी पुन्हा खडू. फारच करकरत असेल तर सुक्या साबणाचा एक हात. खडू धरतो, साबण सोडतो, दोन्हींचा मेळ हातानं जमतो. कागदाची पट्टी किंवा चिंधी गुंडाळणं मला पटत नाही. एका रात्रीचं भजन निघतं, पण खुंटी दोन-चार ठिकाणीच टेकते आणि भोक वेडंवाकडं झिजतं. भोकच लंबगोल झालं असेल तर ते नव्यानं घासून जाड खुंटी बसवावी लागते. ते काम वाद्य बनवणाऱ्याचंच.

आमचा तंबोरा मिरजेचा. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मिरजेला घासून बसवलेल्या खुंट्यांना आमच्याकडचे मे आणि ऑगस्ट सोसायचे असतात. आता मृग लागला की आम्ही तारा उतरवतो, खुंट्या अर्धा वेढा फिरवून जरा बाहेर ओढून ठेवतो. प्रत्येक खुंटीवर पेन्सिलनं आकडा घातलाय, कारण एकीचं भोक दुसरीला चालत नाही.

नव्या जोडाच्या खुंटीवर मे महिन्यात दांडीला लागून एक रेघ मारली होती. यंदाच्या कानोब्याला खुंटी घट्ट बसली तेव्हा ती रेघ दांडीच्या बाहेर तीन मिलिमीटर उभी होती. उतार तीसास एक धरला तर तेवढ्यात खुंटी 0.1 मिलिमीटर जाड झाली होती.