परदेशी छापाची चांदी आणि सोलापूरचा सराफ बाजार : पार्श्वभूमी

अनोळखी परदेशी छापाची चांदीची वीट घेऊन कोणी सराफाच्या पेढीवर आलं, की पहिला प्रश्न शुद्धतेचा नसतो. "पावती आहे का?" हा असतो. शुद्धतेची सराफाला फारशी धास्ती नाही. मूस आणि तेजाब हाताशी आहेत, टंच, म्हणजे शुद्धतेचं प्रमाण, तासाभरात कळतो. वीट कुठून आली, कोणाची, कोणत्या वाटेने आली, हे मात्र भट्टीत कळत नाही. सोलापुरात या दोन शंका कायम वेगळ्या ठेवल्या गेल्या. त्या वेगळ्या का राहिल्या हे कळायला 1993 नंतरचा काळ पाहिला तरी पुरतं. त्याआधीचं थोडक्यात.

इंग्रजी अमलात सोलापूर सरहद्दीवरचं गाव होतं. तुळजापूर-नळदुर्गाकडे निघालं की निजामाचा मुलूख सुरू. त्यामुळे पेढीवर इंग्रजांचा कलदार रुपया आणि निजामाचा हाली सिक्का दोन्ही यायचे. ढोबळ हिशेब सहा कलदारांना सात हाली असा. परकं नाणं नाकारायचं नाही, बट्टा लावून घ्यायचं, हा इथला जुना धंदा.

चांदी भारतात कधीच पुरेशी निघाली नाही, ती बाहेरूनच येत आली. 1918 मध्ये अमेरिकेने स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवून सुमारे 20 कोटी औंस चांदी हिंदुस्थानच्या टांकसाळींसाठी दिली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा 22.6 कोटी औंस उसनी आली आणि युद्धानंतर ती फेडली गेली. पण या विटा गेल्या टांकसाळीत. सोलापूरच्या बाईने ही परदेशी चांदी पाहिली ती राणीछाप, राजाछाप रुपया म्हणून. रुपया 180 ग्रेनचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. 1940 मध्ये ती निम्म्यावर आली. पैंजण, तोडे, लिंगायत घरांतली इष्टलिंगाची करडगी, पूर्व भागातल्या तेलुगू घरांतली मेट्टेलु हे सगळं बरीच वर्षं जुने रुपये मोडून घडत होतं. कारागिराला कच्च्या मालाचा टंच तोंडपाठ होता. वीट ओळखायची वेळच येत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर चांदीचा प्रवाह उलटा झाला. साठ-सत्तरच्या दशकांत दुबईहून चोरून सोनं यायचं आणि त्याच्या मोबदल्यात इथली चांदी पश्चिम किनाऱ्यावरून बाहेर जायची. 1974 मध्ये चांदीच्या निर्यातीला रीतसर परवानगी मिळाली, 1979 मध्ये ती बंद झाली, आणि लगेच जानेवारी 1980 मध्ये जागतिक भाव औंसाला 50 डॉलरपर्यंत चढला. त्या काळातल्या दोन गोष्टी आजच्या विटेशी जोडलेल्या आहेत. एक, सोन्याच्या दहा तोळ्याच्या परदेशी बिस्किटांमुळे लंडन-झुरिकचे शिक्के लहान गावांतल्या सराफांनाही तोंडओळखीचे झाले. चांदीच्या बाबतीत तसं काही घडलं नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 पर्यंत होता. तोवर परदेशी शिक्का म्हणजे चोरट्या मालाचा पुरावा. असा माल हाती आला की तो रात्रीच वितळवून शिक्का घालवायचा, ही बाजाराची रीत झाली. जो छाप लंडनमध्ये हमी होता, तो इथे जोखीम होता. "आधी गाळा, मग बोला" ही सवय कायदा गेल्यावरही गेली नाही.

मग 1993 चा निर्णय आला, आणि तो आजही वादाचा आहे. आदल्या वर्षी परदेशातून परतणाऱ्यांना सोनं आणायची मुभा मिळाली होती, आता चांदीलाही मिळाली. सहा महिने बाहेर राहिलेल्या माणसाने शंभर किलोपर्यंत चांदी आणावी, किलोला 500 रुपये शुल्क परकीय चलनात भरावं, आणि वाटेल त्याला विकावी. शंभर किलो म्हणजे तीस-तीस किलोच्या तीन मोठ्या विटा आणि वर थोडी किरकोळ. प्रवाशाचं सामान म्हणून हे प्रकरण विनोदीच होतं. पण देशातला भाव लंडनपेक्षा एवढा चढा होता की शुल्क भरूनही पदरात बरंच पडायचं. आखातात गवंडी, ड्रायव्हर म्हणून गेलेला माणूस एका फेरीपुरता चांदीचा आयातदार झाला.

निर्णयाच्या बाजूचे लोक सांगतात की तस्करीचं कंबरडं यानेच मोडलं, आणि जे परकीय चलन हवाल्यात जात होतं ते सरकारकडे आलं. हे खोटं नाही. विरोधकांचं म्हणणं असं, की प्रवासी फक्त नावाचा होता, पैसा आणि माल दुसऱ्याचाच. हेही खोटं नाही. सोलापूरच्या दृष्टीने मात्र तिसरीच गोष्ट मोठी आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. या निर्णयाने परदेशी छापाला पहिल्यांदा प्रतिष्ठा दिली, पण त्या छापाचा माग ठेवण्याची व्यवस्था दिली नाही. पावती माणसाच्या नावावर, वीट दुकानात. दोन्हींचा मेळ घालायचा तर विटेवर ठोकलेला क्रमांक हाच दुवा. मुंबईहून निघालेली तीस किलोची वीट सोलापूरला अखंड पोचण्याचं कारणच नव्हतं, कारण एवढ्या मालाचं एकहाती गिऱ्हाईक इथे क्वचित. ती वाटेतच कापली जायची. एका तुकड्यावर क्रमांक, दुसऱ्यावर अर्धा शिक्का, बाकीचे कोरे. पावती मात्र एकच. कोऱ्या तुकड्याने परदेशी असल्याचं सांगावं तरी कसं, आणि सराफाने मानावं तरी का? म्हणून बाजाराने सोपा मार्ग धरला: तुकडा घ्यायचा, पण भाव टंच काढूनच द्यायचा. आजही जुने सराफ परदेशी विटेला वेगळा भाव द्यायला कुरकुरतात ते त्यामुळे. ते अडाणी आहेत म्हणून नव्हे. ही सवलत नंतर आटत गेली; आता अशा प्रवाशाची मर्यादा 10 किलोची आहे.

टंच काढायचं काम बहुतेक ठिकाणी गलाईवाल्यांकडे, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांकडे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, विटा या गावांच्या पट्ट्यातली ही मंडळी देशभर पसरलेली. सोलापूर त्यांना शेजारघरच. छिन्नीने कोपरा उडवून किंवा वरून-खालून तिरकं भोक पाडून नमुना घेतात. शुद्ध चांदीचा कीस लांब, मऊ, गुंडाळी होत निघतो. भेसळीचा तुटत येतो. नायट्रिक तेजाबात शुद्ध चांदीचं पाणी स्वच्छ राहतं, तांबं असेल तर हिरवं-निळं होतं. मीठ टाकलं की चांदी पांढऱ्या दह्यासारखी खाली बसते. सगळ्यात खात्रीची खूण मुशीत. वितळलेली शुद्ध चांदी हवेतला प्राणवायू पिते आणि गोठताना तो बाहेर टाकते, त्यामुळे थंड होता होता तिचं तोंड उसळतं, वर फोड येतात. तांबं मिसळलेली चांदी अशी उसळत नाही. सवागी (टाकणखार) टाकून झाल्यावर गलाईवाला मुशीकडे टक लावून बसतो ते या उसळीसाठी. कोणत्या देशाचा शिक्का होता याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

1997 नंतर बँका आणि नेमलेल्या संस्थांमार्फत आयात खुली झाली, तेव्हा लंडनच्या सोने-चांदी बाजारसंघटनेची (LBMA) मान्य कारखान्यांची यादी इथे परिचयाची झाली. यादीतल्या कारखान्याची मोठी वीट 750 ते 1100 ट्रॉय औंसांची, किमान 999 शुद्धतेची. तिच्यावर कारखान्याचा शिक्का, क्रमांक, शुद्धता आणि वर्ष. वायदे बाजारानेही तीस किलोच्या सौद्यासाठी अशाच विटा धरल्या. इथे एक घोळ सर्रास होतो. यादी या मोठ्या विटेची आहे, आणि ती तिजोरीतून तिजोरीत जाते तोवरच तिचा दर्जा टिकतो. त्याच कारखान्याची एक किलोची लगड म्हणजे चांगल्या कारखान्याचा माल, एवढंच. "लंडनची मान्यता आहे" म्हणून किलोची लगड खपवणारा विक्रेता खोटं बोलत असेलच असं नाही, पण पूर्ण खरंही बोलत नाही.

यादी बदलतेही. 7 मार्च 2022 रोजी सहा रशियन कारखान्यांना तिच्यातून निलंबित केलं गेलं. त्याआधी बनलेल्या विटा मात्र चालतात. म्हणजे सिरिलिक (रशियन) अक्षरांची एकाच कारखान्याची दोन विटांची जोडी ठेवली, तर एकीवरचं वर्ष तिला तारतं आणि दुसरीवरचं अडवतं. धातूत काडीचा फरक नाही. त्याच वर्षी भारतात साडेनऊ हजार टनांच्या घरात चांदी आली. अमिरातीबरोबरच्या व्यापार करारात सवलतीचं शुल्क होतं, त्यामुळे 2023 पासून इतरांवर 15 टक्के असताना दुबईमार्गे येणारी चांदी स्वस्त पडू लागली. जुलै 2024 मध्ये शुल्कच 6 टक्क्यांवर आणल्यावर हा ओढा कमी झाला.

खोट्या मालाचा त्रास मोठ्या विटेत कमी, लहान लगडींत जास्त. चांदीची घनता 10.49, तांब्याची 8.96, शिशाची 11.34. दोन्ही बेतून मिसळले की वजन-आकाराची परीक्षा फसते. चुंबक चांदीला चिकटत नाही, पण तिरप्या लगडीवरून सावकाश घसरतो. तांब्यावरही घसरतो, म्हणून एवढ्यावर भागत नाही. हल्ली सगळ्यांचा भरवसा असलेलं टंच मशीनही पृष्ठभागाचे काही मायक्रॉनच वाचतं. चांगला जाड मुलामा असेल तर ते 999 दाखवून मोकळं. खात्री हवी तर भोक पाडावं लागतं, आणि भोक पाडलं की सीलबंद लगडीचा वरचा भाव गेला. जुन्या, प्रसिद्ध पण आता बंद पडलेल्या अमेरिकी छापांच्या नकला जास्त होतात त्या याच संकोचामुळे. लोक त्यांना हात लावायला धजत नाहीत.

2025 च्या दिवाळीच्या सुमारास लंडनमध्येच चांदीचा तुटवडा झाला, भाव 50 डॉलरच्या वर गेला, आणि घराघरांतल्या विटा बाहेर निघू लागल्या. त्याच वर्षी जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने चांदीवरच्या कर्जाचे नियम काढले, 1 एप्रिल 2026 पासून लागू. चांदीचे दागिने 10 किलोपर्यंत, नाणी 500 ग्रॅमपर्यंत तारण चालतात. वीट चालत नाही, मग ती 999 असो वा यादीतली. सट्ट्याला पतपुरवठा नको हा हेतू समजण्यासारखा आहे. पण परिणाम असा, की 70 टंचाचे पैंजण घेऊन गेलेल्या बाईला सहकारी बँक कर्ज देऊ शकते, आणि पावतीसकट परदेशी वीट घेऊन आलेल्या माणसाला ती विकायला किंवा तिचे दागिने घडवून आणायला सराफ बाजारातच परत यावं लागतं.