टोपी नुसती संरक्षणाला नसते

बारावीच्या नोट्समधून एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: एमआरएनएच्या (जनुकातला संदेश प्रथिन बनवायला नेणाऱ्या रेणूच्या) डोक्यावरची ‘कॅप’, म्हणजे टोपी, त्याला तोडणाऱ्या विकरांपासून (एन्झाइम्सपासून) वाचवते. वाक्य चूक नाही, अर्धवट आहे. त्यामुळे टोपी गेली तर रेणू लवकर तुटेल, बाकी काही बिघडत नाही, असा समज पक्का होतो.

ही टोपी म्हणजे उलट्या दिशेने जोडलेलं मिथाइल ग्वानोसिन. संदेश वाचून प्रथिन बनवणाऱ्या यंत्राने, म्हणजे रायबोसोमने, कुठे चढायचं, याची ती खूणही आहे. पण रायबोसोम ती स्वतः ओळखत नाही. बहुतेक आकृत्या इथेच फसवतात. ओळखतं ते ईआयएफ-४ई नावाचं छोटंसं प्रथिन. नहूम सोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली त्याचा माग काढला. त्यातली दोन ट्रिप्टोफॅन (एक अमिनो आम्ल) टोपीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. ४ई ला जोडलेलं असतं मोठं ईआयएफ-४जी, आणि त्याच्यासोबत आरएनएच्या गुंडाळ्या सोडवणारं ४ए. मग रायबोसोमचा लहान भाग चढतो आणि एयूजी, म्हणजे प्रथिनाची सुरुवात सांगणारी तीन अक्षरं, शोधत पुढे सरकतो.

पेशीची उपासमार झाली की ४ई-बीपी प्रथिनं ४ई लाच अडकवून ठेवतात. टोपी शाबूत, तरी प्रथिन बनवायचं काम मंदावतं! नुसत्या संरक्षणाच्या गोष्टीत हे बसतच नाही.

आता दुसरं टोक: ‘टोपीशिवाय प्रथिन बनूच शकत नाही.’ तेही खरं नाही. पोलिओच्या विषाणूचा आरएनए बोडकाच असतो. हा लबाड विषाणू ४जी कापून पेशीचा कारभार बंद पाडतो आणि स्वतःच्या आरएनएमधल्या आडवाटेने रायबोसोमला थेट आत घेतो.