जास्त टू-टी ऑइलने इंजिन जास्त टिकते का?

टू-स्ट्रोक गाडीत, म्हणजे जिच्या इंजिनात पेट्रोलबरोबर वंगणाचे ऑइलही (टू-टी ऑइल) जाते अशा गाडीत, ऑइल थोडे जास्तच घालावे, म्हणजे इंजिन सीझ होत नाही (पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसत नाही), हा सल्ला जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांना आजही सर्रास दिला जातो. ऑइल कमी पडले तर इंजिन सीझ होते हे निर्विवाद आहे. परंतु पेट्रोलमध्ये ऑइलचे प्रमाण वाढवले की कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) पेट्रोल तेवढे कमी जाते, हवेच्या मानाने इंधन अपुरे पडते आणि इंजिन उलट अधिक तापू शकते. शिवाय न जळलेल्या ऑइलची काजळी प्लगवर, एक्झॉस्ट पोर्टमध्ये आणि सायलेन्सरच्या आतील नळीवर साचते. मग गाडी ओढत नाही म्हणून काहीजण नाहक बोअरिंग (सिलिंडर आतून घासून मोठा पिस्टन बसवणे) करून घेतात; वास्तविक ती नळी काढून साफ करणे कित्येकदा पुरेसे असते.

१९८५ मध्ये भारतात आलेल्या यामाहा आरएक्स १०० मध्ये तर ऑइलची टाकीच वेगळी असून इंजिनाचा वेग आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) यांनुसार पंप ऑइल सोडतो. हा पंप काढून टाकून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळण्याचा सल्लाही मानू नये, कारण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेल्या गाडीचा थ्रॉटल घाट उतरताना बंद ठेवला, तर पेट्रोलबरोबर ऑइलही जवळजवळ थांबते. मुळातच पंप नसलेल्या गाडीसाठी पुस्तिकेतील प्रमाण मापाने मोजूनच घ्यावे.