रोल धुवायला टाकलाय

आमच्याकडे फोटो कधी कोणी "प्रिंट" केले नाहीत, धुवायला टाकले. लग्न झालं, मुंज झाली, चवथीला गणपतीवर फळं-भाज्या टांगलेल्या माटोळीखाली सगळ्या घराण्याला उभं करून एक फोटो काढून झाला की पुढचा प्रश्न ठरलेला, रोल धुवायला टाकला काय? मला वाटायचं ही नुसती बोलायची पद्धत, फोटो काय कपड्यांसारखे धुतात थोडेच. मग १९९६ साली बारावीच्या सुट्टीत गोव्यात म्हापशातल्या एका कलर लॅबमध्ये काउंटरवर बसायला लागलो, मागच्या खोलीतलं मशीन उघडं बघितलं आणि कळलं की शब्द अगदी बरोबर आहे. आत धुणंच चाललेलं. कॅमेरा, लेन्स वगैरे सगळं बाहेरच्या जगातलं, इथला सगळा कारभार पाणी, ताप आणि घड्याळ यांचा.

मशीनवर नाव होतं नोरित्सू. आम्ही ते दिवसातून पन्नास वेळा वाचायचो आणि कोणालाही त्याचा अर्थ माहीत नव्हता. जपानी भाषेत नोरित्सू म्हणजे कार्यक्षमता, कमी कष्टात जास्त काम. आणि गंमत म्हणजे ही कंपनी सुरूच झाली ती धुण्यापासून.

जपानात ओसाकाच्या दक्षिणेला समुद्राकाठी वाकायामा नावाचं शहर आहे, संत्र्यांसाठी प्रसिद्ध. तिथे कानिची निशिमोतो नावाच्या माणसाचा फोटो स्टुडिओ होता. तेव्हा जमाना ब्लॅक अँड व्हाइटचा. प्रिंट काढली की ती हायपो नावाच्या रसायनात टाकायची, म्हणजे न वापरलेली चांदीची संयुगं विरघळून जातात आणि फोटो उजेडात टिकतो. पण खरा त्रास त्याच्यानंतर असतो. जुना फोटोपेपर म्हणजे शेवटी कागदच, हायपो त्याच्या धाग्याधाग्यात मुरतो आणि तो काढून टाकला नाही तर काही वर्षांनी चांदीवर परिणाम करून फोटो पिवळा, तपकिरी पडतो. (आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो चहात बुडवल्यासारखा दिसतो ना, त्यात बऱ्याचदा नुसतं वय नसतं, आळशीपणे धुतलेलं असतं.) म्हणून वाहत्या पाण्यात तासभर प्रिंट हलवत बसायचं, एकमेकांना चिकटू द्यायच्या नाहीत, थंडीत हात गोठले तरी. निशिमोतोने १९५१ मध्ये हेच काम आपोआप करणारं मशीन बनवलं, प्रिंट धुण्याचं मशीन, आणि त्यातून नोरित्सू कोकी ही कंपनी उभी राहिली. फोटो काढणाऱ्या माणसाने फोटो काढण्यातली नाही तर धुण्यातली कटकट सोडवली. मला हे फार आवडतं.

पुढे रंगीत फोटो आले आणि कटकट दसपट झाली. रंगीत रोल धुणं कुठल्याही स्टुडिओवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत जमणारं काम नव्हतं, त्यासाठी मोठमोठ्या लॅब होत्या. आमच्या घरचे सुरुवातीचे रंगीत रोल स्टुडिओवाला मुंबईला पाठवायचा, रात्रीच्या बसने पाकीट जायचं, आठ-पंधरा दिवसांनी फोटो यायचे, तोपर्यंत नवी नवरी माहेरपण करून परत आलेली असायची. जगात सगळीकडे कमी-जास्त हेच होतं. १९७६ मध्ये नोरित्सूने क्यूएसएस नावाची सिस्टीम आणली, क्विक सर्व्हिस सिस्टीम. दुकानात मावेल एवढी, आणि रोल घेतल्यापासून ४५ मिनिटांत हातात फोटो.

हे जमलं कसं, तर त्यात एकच मोठा शोध नाही, बऱ्याच गोष्टी एकत्र जुळून आल्या. कोडॅकने १९७२ मध्ये सी-४१ नावाची रंगीत निगेटिव्ह धुण्याची पद्धत आणली होती, जी पुढे सगळ्या कंपन्यांनी धरली, म्हणजे रोल कोडॅकचा असो, फुजीचा असो की कोनिकाचा, सगळे एकाच टाकीत. या पद्धतीत डेव्हलपरचं, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या केमिकलचं, तापमान लागतं ३७.८ अंश सेल्सिअस. आपल्या भाषेत सांगायचं तर अंगात शंभर ताप. आणि वेळ सव्वातीन मिनिटं. केमिकल गरम केलं की प्रक्रिया वेगात होते, हे भात शिजवणाऱ्यालाही कळतं, पण मग अजून गरम का नाही करायचं? कारण फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, जास्त ताप झाला की तो फुगतो, मऊ पडतो, ओरखडे येतात. शिवाय फिल्मवर रंगांचे थर एकावर एक असतात, निळ्या प्रकाशाचा वर, हिरव्याचा मध्ये, लालाचा खाली, आणि केमिकल वरून खाली झिरपत जातं. तिन्ही थर बरोबरीने डेव्हलप झाले पाहिजेत. तापमान पाव अंश इकडेतिकडे झालं तरी माणसांचे चेहरे हिरवट नाहीतर जांभळट. म्हणून ही मशीनं विकत घेणारा दुकानदार खरं तर फोटो मशीन घेत नव्हता, एक अतिशय काटेकोर गीझर आणि पंप घेत होता.

टाकीत काय होतं ते एकदा समजून घेण्यासारखं आहे. प्रकाश लागलेल्या चांदीच्या संयुगाच्या कणांवर डेव्हलपर काम करतो, त्यांची चांदी होते आणि डेव्हलपर स्वतः बदलतो, तो बदललेला डेव्हलपर थरात आधीच भरून ठेवलेल्या कपलर नावाच्या रसायनाला जाऊन चिकटतो आणि तिथल्या तिथे रंग तयार होतो, वरच्या थरात पिवळा, मधल्यात मॅजेंटा (जांभळट गुलाबी), खालच्यात सायन (निळसर हिरवा). मग ब्लीच आणि फिक्सर मिळून सगळी चांदी काढून टाकतात. म्हणजे तयार रंगीत निगेटिव्हमध्ये चांदी औषधालासुद्धा नसते, उरतो नुसता रंग. चांदी जाते फिक्सरमध्ये, म्हणून वापरलेला फिक्सर आम्ही मोरीत ओतत नव्हतो, एक माणूस येऊन कॅन भरून न्यायचा, त्यातून चांदी काढून विकायचा. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी मोरीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलो.

निगेटिव्ह धुऊन झाली की पेपरची पाळी. तोपर्यंत रंगीत पेपर दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला झाला होता, त्यामुळे पाणी कागदात मुरतच नाही, फक्त वरच्या थरात जातं आणि तासाचं धुणं काही मिनिटांवर आलं. निशिमोतोच्या पहिल्या मशीनचं काम पेपरनेच अर्ध्याच्या वर संपवून टाकलं म्हणा ना.

आता गोव्यातली गोष्ट. पावसाळ्यात दुपारी लाइट गेली की लॅबमध्ये सगळ्यांचा चेहरा पडायचा. पेपर लांबच लांब पट्टीत मशीनमधून फिरत असतो, तो तिथेच थांबतो, डेव्हलपरमध्ये अडकलेला भाग मिनिटाभराऐवजी दहा मिनिटं भिजत राहतो आणि जनरेटर चालू होईपर्यंत कोणाचा तरी साखरपुडा काळाठिक्कर. पेपरचं ठीक, निगेटिव्ह आहे तर पुन्हा प्रिंट काढता येते, पण त्याच वेळी फिल्म टाकीत असेल तर मग गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते मालक बघायचा, आम्ही मागे लपायचो.

पावसाळ्याचा दुसरा त्रास लोकांना कधी दिसला नाही. मशीन प्रत्येक रोलमागे ठरावीक नवं केमिकल टाकीत सोडतं, म्हणजे धंदा जोरात असेल तर टाकीतलं केमिकल आपोआप ताजं राहतं. सीझनमध्ये प्रश्नच नव्हता, बुधवारी हणजुणेचा बाजार झाला की गुरुवारी विदेशी लोक मूठ-मूठ रोल आणून टाकायचे. पण जून-जुलैत दिवसाला चार रोल. केमिकल टाकीत पडून राहतं, हवेशी संयोग होऊन दमतं, रंग घसरतात. म्हणून रोज सकाळी आधी एक टेस्ट पट्टी धुवायची, तिचे रंग मोजायच्या यंत्रावर वाचायचे, तक्त्यावर टिंब मांडायचं, टिंब रेषेच्या बाहेर गेलं की मालक देवाला हात जोडायचा आणि आम्ही टाकी उपसायला घ्यायचो.

पण सगळ्यात मजेशीर भाग म्हणजे रंग ठरवणं. मशीनला काय कळणार की फोटोत आकाश आहे का नवरी? त्यावर कोडॅकच्या राल्फ इव्हान्सने १९४० च्या दशकात एक सोपी युक्ती काढली होती, की साधारण कुठलंही दृश्य घ्या, त्यातले सगळे रंग एकत्र कालवले तर करडा रंग येतो. मग प्रिंटरने प्रत्येक निगेटिव्हचा सरासरी रंग मोजायचा आणि प्रकाश असा सोडायचा की प्रिंटची सरासरी करडी येईल. दहापैकी आठ वेळा जमतं. उरलेल्या दोन वेळा गोवा येतो. श्रावणात शेताच्या मेरेवर उभ्या असलेल्या मुलीचा फोटो घ्या, सगळा हिरवागार, मशीनला वाटतं रंग बिघडलाय, ते हिरवा कमी करायला जातं आणि मुलगी जांभळट गुलाबी. लाल मातीच्या चढावर काढलेला फोटो उलट निळसर हिरवा. पणजीच्या पांढऱ्याशुभ्र चर्चसमोर फॅमिली उभी केली की मशीन पांढऱ्याला करड्याकडे ओढतं आणि चर्च पावसात भिजल्यासारखं मळकट. ख्रिश्चन लग्नात तर पांढरा गाऊन आणि काळा सूट शेजारी शेजारी, सरासरी काढणाऱ्याची परीक्षाच. म्हणून मशीनवर माणूस बसवावा लागायचा, तो निगेटिव्ह बघून बटणं दाबायचा, पिवळा एक जास्त, मॅजेंटा दोन कमी, डेन्सिटी म्हणजे गडदपणा एक कमी. आमचा ऑपरेटर उलट्या रंगांची निगेटिव्ह बघून सांगायचा, ही साडी पैठणी आहे. चुकला नाही कधी.

त्याच सुमाराला, १९९६ मध्ये, फुजीने फ्रंटियर नावाचं डिजिटल मशीन आणलं आणि नोरित्सूलाही त्याच वाटेने जावं लागलं. निगेटिव्हमधून प्रकाश सोडायच्या जागी आधी ती स्कॅन करायची, कॉम्प्युटरवर रंग नीट करायचे आणि मग लाल, हिरव्या, निळ्या लेसरने पेपरवर फोटो लिहायचा. लोकांना वाटलं डिजिटल म्हणजे सगळं नवीन, पण पेपर तोच होता आणि तो पुढे त्याच टाक्यांमधून जायचा. तुम्ही २००५ मध्ये सीडी घेऊन गेलात आणि मॅक्सी साइजमध्ये फोटो काढून आणले असतील तर बहुतेक तेसुद्धा धुतलेलेच होते. इंकजेटची कोरडी मशीनं हळूहळू आली, पण तोपर्यंत लोकांनी फोटो कागदावर घेणंच सोडत आणलं होतं.

निशिमोतो २००५ मध्ये गेले. २०१५ मध्ये नोरित्सू कोकीने तेइबो नावाची पेनांची टोकं बनवणारी कंपनी घेतली (ती मुळात फेल्टच्या टोप्या करायची, टोपीच्या फेल्टवरून स्केचपेनच्या टोकावर आली, म्हणजे वळणं घेणारे हे एकटेच नाहीत). २०१६ मध्ये फोटो मशीनचा धंदाच विकून टाकला, तो आता नोरित्सू प्रिसिजन या नावाने वेगळा चालतो. आणि २०२० मध्ये नोरित्सू कोकीने घेतली अल्फाथीटा, म्हणजे पायोनियर डीजेचे कन्सोल बनवणारी कंपनी. म्हणजे मोरजी-वागातोरला रात्री जे डबे आणि चकत्या फिरवत डीजे उभा असतो त्यातले पायोनियरचे डबे या घराण्यातले. मागे भाचीच्या रिसेप्शनला मी हे मोठ्या उत्साहाने डीजेला सांगायला गेलो. तो हेडफोन एका कानावरून काढून म्हणाला, पात्रांव, गाणं कुठलं लावू ते सांगा, दहा वाजता बंद करायचंय.

फोटोचं मशीन मात्र पूर्ण मेलेलं नाही. माझा पुतण्या गेल्या वर्षीपासून जुना फिल्म कॅमेरा घेऊन फिरतो, मोबाइल असताना. त्याच्या तोंडी एकच, स्कॅन नोरित्सूवरच पाहिजे, एचएस-१८०० वर, रंग वेगळे येतात म्हणे. मी त्याला विचारलं तू रोल देतोस कुठे, आमची म्हापशाची लॅब बंद होऊन जमाना झाला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. म्हणाला कुरिअरने मुंबईला पाठवतो, आठ-पंधरा दिवसांत येतात. आणि परवा त्याची आजी त्याला विचारत होती की चवथीचे फोटो कुठे आहेत, तर हा आतून ओरडला, रोल धुवायला टाकलाय.