डिग्रीचे दोन हिशोब: क्रेडिट आणि ॲक्टिव्हिटी पॉइंट

बेळगावात इंजिनिअरिंगच्या पोरांना विचारा, डिग्रीला किती लागतात? कोण १६० सांगेल, कोण १००. दोघंही बरोबर आहेत, फक्त हिशोब वेगळे आहेत. मच्छेच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची, म्हणजे आपल्या व्हीटीयूची पदवी मिळायला हे दोन्ही हिशोब पुरे व्हावे लागतात.

१६० ही क्रेडिट. २०२२च्या स्कीमला, म्हणजे त्या वर्षी लागू झालेल्या अभ्यासक्रमाला, एवढी लागतात; २०१८च्या स्कीमला १७५ होती. म्हणून सीनियर सांगेल तो आकडा आपलाच असं धरू नका. आपली स्कीम विषयाच्या कोडवरून कळते: कोड १८ किंवा २१ ने सुरू झाला तर त्या वर्षाची, 'बी' ने सुरू झाला तर २०२२ची.

क्रेडिट मिळतं ते विषय पास झाल्यावर, आणि घोळ तिथंच होतो. २०२२च्या स्कीममध्ये थिअरीच्या विषयाला इंटर्नलमध्ये, म्हणजे कॉलेजनं दिलेल्या गुणांत, ५० पैकी किमान २०, लेखी परीक्षेचे गुण ५० पैकी करून त्यात किमान १८, आणि एकूण किमान ४० लागतात. आता २० आणि १८ ची बेरीज करा. ३८! दोन्हीकडं काठावर पास झालेला पोरगा एकूणात नापास होतो. इंटर्नलला 'वीस आले, बस झालं' म्हणणाऱ्यांनी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. हजेरीही ८५ टक्के लागते. बीए-बीकॉमच्या मित्राचे ७५ टक्के इथं चालत नाहीत.

कन्नडचा विषय आपली पोरं हमखास हलक्यात घेतात. एकच क्रेडिट आहे, पण ते १६० मध्ये धरलेलं आहे. कन्नड येत नाही त्यांना, म्हणजे चंदगड-गडहिंग्लजकडून आलेल्यांना, बळके कन्नड. वाचता-लिहिता येतं त्यांना सांस्कृतिक कन्नड. खानापुरात मराठी माध्यमात शिकलेल्यानं शाळेत कन्नड केलेलंच असतं, त्याला हे अवघड जायचं काही कारण नाही.

ॲक्टिव्हिटी पॉइंटचं तंत्र सगळं वेगळं. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, नियमानं पूर्ण चार वर्षांचा कोर्स करणाऱ्याला १००, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्याला ७५. याला पेपर नाही आणि सीजीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या सरासरीत, हे धरत नाहीत. म्हणूनच पोरं विसरतात. पण पॉइंट कमी पडले तर आठव्या सेमिस्टरचं ग्रेड कार्डच अडकतं. सगळे विषय सुटलेत, नोकरीची ऑफर हातात आहे आणि ग्रेड कार्ड नाही, अशी गत होते.

हे पॉइंट वर्गाबाहेरच्या कामाचे असतात. गावातल्या शाळेला मदत, कचऱ्याची व्यवस्था, पाण्याचं नियोजन, शेतमालाच्या विक्रीला हातभार, पर्यटनाला चालना, अशी यादी ठरलेली आहे. आपल्या भागात कामाला तोटा नाही. पश्चिम भागातली रताळी आहेत, येळ्ळूरचा राजहंसगड आहे, तालुक्यातल्या मराठी शाळा आहेत. सुट्टीच्या दिवशी, पहिल्या वर्षापासून थोडं थोडं करता येतं. मात्र काम सुरू करायच्या आधी ते यादीत बसतं का, हे आपल्या मेंटॉरला, म्हणजे कॉलेजनं नेमून दिलेल्या सरांना, विचारा. आणि सही-शिक्क्याचं पत्र त्याच आठवड्यात घ्या. दोन वर्षांनी गेलात तर हेडमास्तरांची बदली झालेली असते, आणि नवे हेडमास्तर न पाहिलेल्या कामाखाली सही कशाला करतील?

या दोन्हींच्या मधे आणखी एक प्रकार आहे: एनएसएस, खेळ किंवा योग. २०२२च्या स्कीमला तिसऱ्या ते सहाव्या सेमिस्टरपर्यंत यातलं एक घ्यावं लागतं. वेळापत्रकात विषयासारखं दिसतं, क्रेडिट शून्य, तरीही पूर्ण केल्याशिवाय पदवी नाही. २०१८च्या स्कीममध्ये डिप्लोमावाल्यांच्या ॲडिशनल मॅथ्सचंही असंच होतं. तो विषय राहिला तरी पुढच्या वर्षाला जाता यायचं, त्यामुळं पुष्कळांनी तो शेवटपर्यंत लोंबकळत ठेवला.