बेन होगन : डावीकडे पळणारा चेंडू आणि सुजणारे पाय

अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन गोल्फ क्लबच्या पूर्व कोर्सवर, अठराव्या होलच्या फेअरवेत (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यात), एक छोटी पाटी जमिनीत बसवलेली आहे. १० जून १९५० रोजी यूएस ओपनच्या चौथ्या फेरीत अमेरिकन गोल्फपटू बेन होगनने इथून वन-आयर्न (लांब पल्ल्याचा लोखंडी क्लब) मारला, एवढीच तिच्यावरची नोंद. त्या शॉटचं पाठमोरं छायाचित्र बहुतेक गोल्फप्रेमींनी पाहिलेलं असतं आणि सोबत भीषण अपघातातून उठलेल्या खेळाडूची कथाही ऐकलेली असते. कथा खरी आहे, पण अपुरी आहे. अपघातापूर्वीची जवळजवळ वीस वर्षं होगन एका वेगळ्याच दुखण्याशी झगडत होता, आणि ते दुखणं हातांत होतं.

होगनचा जन्म १३ ऑगस्ट १९१२ चा, टेक्सासमधला. वडील लोहार. १९२२ मध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली तेव्हा बेन नऊ वर्षांचा होता. फोर्ट वर्थच्या रेल्वे स्टेशनवर पेपर विकता विकता तो अकराव्या वर्षी ग्लेन गार्डन क्लबवर कॅडी (खेळाडूंची पिशवी वाहणारा पोऱ्या) झाला. त्याच क्लबवर, त्याच वयाचा, पुढे तेवढाच मोठा झालेला बायरन नेल्सनही कॅडी होता. १९२७ च्या नाताळात कॅडींच्या स्पर्धेत दोघांची बरोबरी झाली आणि प्लेऑफ (बरोबरी फोडणारा जादा खेळ) नेल्सनने एका स्ट्रोकने (फटक्याने) जिंकला.

कॅडी पोरांत लांब मारण्याच्या पैजा लागत. होगनची चण लहान होती. अशा मुलाला लांबी मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे ग्रिपवर (क्लबच्या मुठीवर) डावा हात उजवीकडे वळवून धरायचा, क्लब खूप मागे न्यायचा आणि मनगटं झटक्यात फिरवायची. चेंडू खाली राहतो, डावीकडे वळतो आणि जमिनीवर पडल्यावर धावत सुटतो. हाच हुक. पैजेत तो उपयोगी पडतो, व्यावसायिक स्पर्धेत घात करतो. चेंडूला भेटताना क्लबचं तोंड स्विंगच्या मार्गापेक्षा जास्त मिटलेलं (डावीकडे वळलेलं) असतं, त्यामुळे चेंडूच्या फिरकीचा आस डावीकडे कलतो. उंची नसल्याने चेंडू ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) थांबत नाही आणि फेअरवे चुकला तर थेट झाडीत जातो. वाईट भाग असा की दडपणाखाली हात आणखी जोरात फिरतात, म्हणजे नेमक्या मोक्याच्या क्षणी हुक वाढतो.

१९३० मध्ये सतराव्या वर्षी तो व्यावसायिक झाला आणि पैसे संपल्यामुळे एकापेक्षा जास्त वेळा घरी परतला. एकट्याच्या नावावर पहिला विजय यायला १९४० चा मार्च उजाडला. पाइनहर्स्टची नॉर्थ अँड साउथ ओपन जिंकल्यावर मात्र लगोलग ग्रीन्सबरो आणि अ‍ॅशव्हिलही त्याने जिंकलं. व्यावसायिक गोल्फपटू हेन्री पिकार्डने त्याची ग्रिप बदलायला लावली होती, त्याचं हे पहिलं फळ. महायुद्धात तो हवाई दलात गेला आणि परतल्यावर १९४६ मध्ये तेरा स्पर्धा जिंकल्या. त्याच वर्षी मास्टर्स आणि यूएस ओपन या दोन्हीकडे शेवटच्या ग्रीनवर तीन पट (चेंडू भोकात ढकलायचे हलके फटके) लागले आणि दोन्हीकडे एका स्ट्रोकने प्लेऑफ हुकला. हुक आटोक्यात येत होता. पटरची (पट मारायच्या क्लबची) कुरकुर पुढे आयुष्यभर राहिली.

हुकवरचा उपाय त्याने १९५५ मध्ये एका मासिकात उघड केला. त्यात तीन गोष्टी होत्या. डावा हात ग्रिपवर थोडा डावीकडे सरकवायचा, म्हणजे अंगठा शाफ्टच्या (क्लबच्या दांड्याच्या) बरोबर वर येतो. बॅकस्विंग सुरू होताना हात उजवीकडे वळवून क्लबचं तोंड उघडायचं. आणि स्विंगच्या टोकाला डावं मनगट हाताच्या मागच्या बाजूला किंचित वाकवायचं, असं की मनगटाच्या पाठीवर खोलगट वाटी दिसावी. त्या वाटीमुळे तोंड एवढं उघडं राहतं की खाली येताना उजव्या हाताने कितीही जोर लावला तरी ते पूर्ण मिटत नाही. चेंडू उंच जातो, शेवटी जरासा उजवीकडे झुकतो आणि पडतो तिथे थांबतो. त्याचे क्लबही याच हिशेबाचे होते: कडक शाफ्ट आणि तोंडं थोडी उघडी.

हे वाचून कोणी उद्याच रेंजवर (सरावाच्या मैदानावर) करून पाहू नये. बहुसंख्य हौशी खेळाडूंचा चेंडू आधीच उजवीकडे स्लाइस होतो. त्यांनी मनगटाची वाटी केली तर तोंड आणखी उघडेल आणि चेंडू शेजारच्या फेअरवेत जाईल. कच्च्या खेळाडूचं यात नुकसानच होईल, असं होगननेही बजावलं होतं. ज्याचे हात जास्त फिरतात त्याच्यासाठीच हे औषध आहे.

१९४८ मध्ये पीजीए स्पर्धा आणि रिव्हिएरा कोर्सवरची यूएस ओपन, तीही एकूण २७६ स्ट्रोकच्या नव्या विक्रमासह, असं सगळं जुळून आलं. २ फेब्रुवारी १९४९ रोजी पश्चिम टेक्सासात व्हॅन हॉर्नजवळ, धुक्यात, दुसऱ्या वाहनाला ओलांडणारी बस समोरून त्याच्या गाडीवर आदळली. पत्नी व्हॅलरीला वाचवायला तो तिच्या अंगावर झेपावला आणि स्टिअरिंगचा दांडा त्याच्या रिकाम्या सीटमधून आरपार गेला. कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं, गळपट्टीचं हाड आणि डावा घोटा मोडला, बरगडीलाही इजा झाली. खरं संकट नंतर आलं. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊन फुप्फुसाकडे सरकू लागल्या. न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या डॉ. आल्टन ऑक्सनर यांनी पोटातली मुख्य नीला बांधून टाकली. गुठळ्यांची वाट बंद झाली, पण पायांतलं रक्त वर परतण्याचा मोठा रस्ताही बंद झाला. यापुढे ते लहान शिरांतूनच परतणार होतं. म्हणून चाललं की पाय सुजत, गोळे येत, आणि हे कायमचं होतं.

यूएस ओपनच्या तिसऱ्या आणि चौथ्या फेऱ्या तेव्हा शनिवारी एकाच दिवशी होत. ही पद्धत १९६४ पर्यंत चालली. छत्तीस होल म्हणजे अठरा-वीस किलोमीटर पायपीट. होगन सकाळी गरम पाण्यात पाय शेकायचा, मग घोट्यापासून मांडीपर्यंत इलॅस्टिकच्या पट्ट्या गुंडाळायचा, आणि हे सगळं पहिल्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागी) जाण्याआधी. मेरियनला शनिवारी दुपारी बाराव्या होलवर पाय आखडला आणि तो कोसळता कोसळता राहिला. हातातली आघाडी गळत गेली. पंधराव्यावर अगदी छोटा पट चुकला, सतराव्यावर आणखी एक स्ट्रोक गेला. अठराव्यावर पार (होलसाठी ठरलेले स्ट्रोक) हवाच होता. पिशवीत चौदाच क्लब ठेवता येतात. मेरियनवर सेव्हन-आयर्नचं काम पडत नाही, असा हिशेब करून त्याने तो काढून वन-आयर्न घेतला होता. वन-आयर्नचा लॉफ्ट (तोंडाचा कल) जेमतेम सोळा-सतरा अंश आणि तोंड पातळ, त्यामुळे जरा चुकीचा लागला तर चेंडू उठतच नाही. दोनशेहून अधिक यार्डांवरून, थकलेल्या पायांवर उभं राहून, चेंडू ग्रीनवर सुमारे चाळीस फुटांवर थांबला. जुना हुक इथे परतला असता तर चेंडू ग्रीनच्या डावीकडे गेला असता. दोन पटमध्ये पार, एकूण २८७, लॉइड मँग्रम आणि जॉर्ज फाझिओशी बरोबरी. रविवारी प्लेऑफमध्ये होगन ६९, मँग्रम ७३, फाझिओ ७५.

यापुढे तो वर्षाला मोजक्याच स्पर्धा खेळला. पीजीए तेव्हा सामना पद्धतीची, म्हणजे दोघादोघांच्या थेट लढतींची होती, बहुतेक दिवशी छत्तीस होल. ती त्याने सोडून दिली. १९५१ ला मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकली. १९५३ ला सहा स्पर्धांत पाच विजय मिळवले, त्यांतले तीन सर्वांत मोठे: मास्टर्स २७४, ओकमाँटला यूएस ओपन सहा स्ट्रोकने, आणि स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला ब्रिटिश ओपन. ती ओपन त्याने आयुष्यात एकदाच खेळली. तयारीसाठी तो लवकर पोचला, कारण तिथला चेंडू लहान होता: व्यास १.६२ इंच, अमेरिकेत १.६८. वजन तेवढंच, म्हणून तो वाऱ्यात जास्त टिकतो, आणि अमेरिकेत पाठ झालेली अंतरं नव्याने मोजावी लागतात. शेवटच्या दिवशी अंगात ताप असताना तो छत्तीस होल खेळला. चार फेऱ्या ७३, ७१, ७०, ६८, प्रत्येक आधीपेक्षा कमी. तारखा एकमेकींवर येत असल्याने त्या वर्षी पीजीए आणि ही ओपन दोन्ही खेळणं तसंही शक्य नव्हतं.

नऊ मेजर (मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि पीजीए या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतले विजय) तिथेच थांबल्या. १९५४ ची मास्टर्स सॅम स्नीडकडून आणि १९५५ ची यूएस ओपन जॅक फ्लेककडून, दोन्ही प्लेऑफमध्ये गेल्या. फ्लेकच्या पिशवीत होगनच्याच कंपनीचे क्लब होते. पुढे टी ते ग्रीन खेळ शाबूत राहिला, पण छोट्या पटवर हात गोठू लागले. पटर मागे नेताच येत नसे, आणि मनगटाची कोणतीही युक्ती इथे चालली नाही. शेवटचा, चौसष्टावा विजय १९५९ चा, घरच्या फोर्ट वर्थमधल्या कोलोनियलवर. १९६७ मध्ये, चौपन्नाव्या वर्षी, ऑगस्टाला मास्टर्सच्या तिसऱ्या फेरीत शेवटचे नऊ होल त्याने तीस स्ट्रोकमध्ये पुरे केले आणि ६६ वर फेरी संपवली. दुसऱ्या दिवशी ७७ झाले.