श्वार्ट्‌सकॉफची ‘चार अखेरची गाणी’: १९५३ की १९६५?

जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउसने १९४८ साली सोप्रानो (उंच पट्टीचा स्त्री-आवाज) आणि ऑर्केस्ट्रासाठी रचलेली ही चार गाणी जर्मन गायिका एलिझाबेथ श्वार्ट्‌सकॉफने रेकॉर्डसाठी दोनदा गायली. संगीताच्या ॲपवर शोधताना नेमका इथेच घोटाळा होतो. तिथे दिसणारं साल बहुधा पुनर्प्रकाशनाचं असतं, म्हणून ऑर्केस्ट्राच्या संचालकाचं (कंडक्टरचं) नाव बघा. ऑटो आकरमान आणि लंडनचा फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा असेल तर १९५३, मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीत). जॉर्ज सेल आणि बर्लिनचा रेडिओ सिंफनी ऑर्केस्ट्रा असेल तर १९६५, स्टिरिओ (डावी-उजवी अशा दोन वाहिन्या). संचालक म्हणून हर्बर्ट फॉन कारायानचं नाव दिसलं तर ती १९५६ची लंडनमधली मैफल, म्हणजे तिसरीच गोष्ट.

शिफारस बहुतेक वेळा सेलची होते. वाद्यं सुटी-सुटी ऐकू येतात, हे त्याचं मोठं कारण. पण पहिलं गाणं, ‘फ्र्यूलिंग’ (वसंत), आधी आकरमानचं ऐका. त्यात आवाज खालच्या सुरांतून निघून झपाट्याने वर चढतो. ३७ वर्षांची श्वार्ट्‌सकॉफ ती चढण एका ओघात घेते. सेलबरोबर, ४९व्या वर्षी, तिचा वरचा सूर जपून लावलेला वाटतो आणि शब्दांवरचं कोरीवकाम जास्त जाणवतं. कोणाला ते खोल वाटतं, कोणाला अति. या गाण्यापुरता माझा कौल आकरमानला.

‘इम आबेंडरोट’ (संध्याप्रकाशात) या शेवटच्या गाण्यात मात्र पारडं फिरतं. गाणं सुरू होण्याआधी ऑर्केस्ट्राची लांब प्रस्तावना आहे. आवाज लागेपर्यंतचा वेळ दोन्हीकडे घड्याळावर मोजा, लयीतला फरक तिथेच कळेल. आकरमान चालता राहतो. सेल संथ जातो, तरीही ताण सुटू देत नाही. शेवटी गायिका ‘हाच का मृत्यू?’ असं विचारते, तेव्हा श्ट्राउसच्या तरुणपणच्या ‘मृत्यू आणि रूपांतर’ या रचनेतला सूरसमूह हॉर्नवर उमटतो आणि मागाहून बासरीवर चंडोल पक्षी किलबिलतात. सेलच्या रेकॉर्डिंगमध्ये हे थर वेगवेगळे दिसतात. मोनोत ते एकमेकांत मिसळतात.

तुलना करताना दोन्ही रेकॉर्डिंगच्या आवाजाची पातळी (व्हॉल्यूम) कानाने सारखी करून घ्या, कारण जे किंचित मोठं वाजतं तेच सरस वाटतं. चारही गाणी सलग ऐकून ताडू नका, एकच ओळ लागोपाठ ऐका. ‘बाइम श्लाफेनगेहेन’ (झोपी जाताना) या तिसऱ्या गाण्यातल्या एकल व्हायोलिननंतर गायिकेचा आवाज परत येतो, ती जागा उत्तम: तिथे श्वास किती पुरतो आणि कुठे घेतला जातो ते लपत नाही.